सहाव्या सिलिंडरचे दोन बोल्ट : गळक्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या दुरुस्तीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२१-२२ च्या गळीत हंगामातले आहे. पुणे-कोल्हापूर महामार्गावर कराड परिसरात आमचे डिझेल गाड्यांचे छोटे गॅरेज आहे. तेथे आलेल्या एका दहाचाकी ट्रकच्या दुरुस्तीची ही नोंद आहे. मालक, चालक आणि गाडी यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तांत्रिक तपशील मात्र कामाच्या वहीत होते तसेच ठेवले आहेत. पहिल्या खेपेला आमचे काम फसले. त्यामुळे दोष दाखवायचा असेल तर तो प्रथम आमच्याकडेच येतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

गाडी २०१४ ची होती. सहा सिलिंडरचे, टर्बोचार्जर आणि इंटरकूलर असलेले इंजिन आणि चेसिसवर स्थानिक बॉडीबिल्डरने बांधलेली केबिन, अशी तिची रचना होती. या केबिनचा उल्लेख मुद्दाम करीत आहे, कारण ती पुढे उचलून इंजिन मोकळे करता येत नाही. इंजिनाचा मागचा अर्धा भाग केबिनच्या आत, चालक आणि क्लीनर यांच्यामध्ये, बॉनेटखाली असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सहाही सिलिंडरांमधला जळका वायू गोळा करून टर्बोकडे नेणारे ओतीव लोखंडाचे नळकांडे, चालकाच्या बाजूला होते. सहाव्या सिलिंडरचे बोल्ट गाठायचे तर केबिनच्या फरशीचा पत्रा काढून, स्टिअरिंगच्या दांड्याला वळसा घालून हात आत घालावा लागत असे.

ही गाडी साखर कारखान्यातून निर्यातीची साखर भरून न्हावा शेवा बंदराकडे जाई आणि परतताना पनवेल-तळोजा भागातून मिळेल तो माल घेऊन येई. म्हणजे जाताना भरलेल्या गाडीने बोरघाट उतरायचा आणि येताना भरलेल्या गाडीनेच बोरघाट आणि खंबाटकी हे दोन्ही घाट चढायचे. घाटाच्या लांब चढावर डिझेल इंजिनातून टर्बोकडे जाणाऱ्या वायूचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उतारावर डिझेलचा पुरवठा थांबला की तेच मॅनिफोल्ड झपाट्याने थंड होऊ लागते. मॅनिफोल्डची सर्वांत कठोर परीक्षा या चढउतारात होते.

तक्रार आणि पहिली दुरुस्ती

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मालक स्वतः गाडी घेऊन आले. सकाळी थंड इंजिन सुरू केले की टक-टक असा आवाज येतो, दहा-पंधरा मिनिटांत तो कमी होतो आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. थंडपणी येणारा आणि तापल्यावर विरणारा आवाज हे मॅनिफोल्डच्या गळतीचे जुने लक्षण आहे. धातू तापून प्रसरण पावला की फट काही प्रमाणात बुजते आणि आवाज दबतो. नवखा मेकॅनिक अशा वेळी टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट करण्याच्या मागे लागतो. आम्ही तेवढी चूक केली नाही. बॉनेट उघडताच सहाव्या सिलिंडरच्या तोंडाभोवती काजळीचा काळा पंखा पसरलेला दिसला. खालच्या बोल्टचे डोके उडाले होते आणि वरचा बोल्ट हाताने फिरेल इतका सैल झाला होता.

मालकांचे म्हणणे स्पष्ट होते. "मिस्त्री, उद्या सकाळी कारखान्यावर नंबर आहे. आजच्या आज गाडी सोडा."

बोल्ट डोक्याखालीच तुटल्यामुळे त्याचा दांडा मॅनिफोल्डच्या भोकातून बाहेर डोकावत होता. त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग केले आणि पान्याने फिरवून तो सहज बाहेर काढला. मूळ बोल्ट लांब होता आणि त्याच्या डोक्याखाली नळीसारखा स्पेसर होता. तसा बोल्ट गावात मिळाला नाही, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एम १० मापाचा, ८.८ ग्रेडचा आखूड बोल्ट आणून वॉशर टाकून बसवला. वरचा सैल बोल्ट हाताच्या अंदाजाने चांगला आवळला. मॅनिफोल्ड खोलले नाही, त्याच्या आणि इंजिनाच्या मधले पॅकिंग बदलले नाही. तीन तासांत गाडी बाहेर पडली आणि आवाजही बंद झाला होता.

या तीन तासांतले तीन निर्णय पुढे महागात पडले. त्या वेळी मात्र त्यांतला एकही निर्णय म्हणून जाणवला नव्हता, ती फक्त घाई होती.

गाडी परत आली

एकोणिसाव्या दिवशी गाडी परत आली. या वेळी मालकांऐवजी चालक आले होते. आवाज आता इंजिन तापल्यावरही थांबत नव्हता. सहाव्या सिलिंडरचे दोन्ही बोल्ट तुटले होते आणि दोन्ही मॅनिफोल्डच्या भोकाच्या आत तुटले होते. पाचव्याच्या तोंडावरही काजळीची बारीक रेघ उमटली होती.

चालकांना बसवून सविस्तर विचारले तेव्हा मालकांच्या बोलण्यात न आलेल्या दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे बोरघाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक दोन महिन्यांपासून धरत नव्हता. एक्झॉस्ट ब्रेकमध्ये टर्बोच्या पुढची झडप बंद होऊन वायू मॅनिफोल्डमध्ये कोंडला जातो आणि त्या दाबामुळे इंजिन गाडीला अडवते. मॅनिफोल्डच्या तोंडाशी फट असेल तर हा दाब साठतच नाही. चालक ती उणीव पायाच्या ब्रेकने भरून काढत होते, म्हणजे लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत भरलेल्या गाडीचे ड्रम तापत होते. दुसरी गोष्ट त्यांनी सहज सांगितली. दिवाळीच्या आधी पनवेलजवळ सायलेन्सरचा पाइप गळायला लागला होता, तेव्हा रस्त्याकडेच्या वेल्डरकडून तो जोडून घेतला होता.

ही दुसरी गोष्ट आम्ही ऐकली आणि बाजूला ठेवली. तिचे महत्त्व कळायला आणखी एक दिवस जावा लागला.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय मालकांनी फोनवर सुचवला. फटीत उष्णतारोधक पेस्ट भरायची, वरून पट्टीचा क्लॅम्प लावायचा आणि हंगाम संपेपर्यंत गाडी चालवायची. असे उपाय रस्त्यावर केले जातात आणि रिकामी गाडी घरी आणण्यापुरते ते चालतातही. येथे आम्ही स्पष्ट नकार दिला आणि त्याची कारणे लेखी दिली. केबिनमध्ये एक्झॉस्टचा वायू येत असताना चालक आणि क्लीनर बंदराबाहेरच्या रांगेत इंजिन चालू ठेवून झोपत होते. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो; नाकाला येतो तो वास धुराचा असतो. ब्रेकचा मुद्दा होताच. तिसरे कारण इंजिनाच्या दृष्टीचे होते. फटीतून सुटणारा तप्त वायू हेडचे, म्हणजे मॅनिफोल्ड ज्यावर बसते त्या सिलिंडरांवरच्या झाकणाचे, ओतीव लोखंड हळूहळू खात जातो. पॅकिंगच्या रुंदीपलीकडे खड्डा गेला की बोल्ट बदलून भागत नाही.

दुसरा पर्याय हेड उतरवून इंजिनीअरिंग वर्क्समध्ये नेण्याचा होता. टेबलावर ठेवलेल्या हेडमधून तुटका बोल्ट काढणे सोपे असते, भोक सरळ पडते आणि गरज पडल्यास स्पार्क मशीनने तुकडा जाळून काढता येतो. मात्र त्यासाठी हेड गॅस्केट, कूलंट, व्हॉल्व्हची तपासणी आणि किमान चार-पाच दिवस लागले असते. हेडला दुसरा काही दोष नसताना ते उतरवणे म्हणजे निरोगी माणसाला टेबलावर घेण्यासारखे वाटत होते.

तिसरा पर्याय होता हेड जागेवर ठेवून टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवण्याचा आणि तुकडे तेथेच काढण्याचा. खर्च आणि वेळ कमी, पण जागा अडचणीची. ड्रिल तिरके गेले तर हेड बिघडण्याचा धोका होता. भोकामागे पाण्याचा कप्पा असू शकतो, म्हणजे ड्रिल जास्त खोल गेले तर दुखणे आणखी वाढले असते.

आम्ही तिसरा पर्याय निवडला, पण थांबण्याच्या अटी आधीच ठरवून वहीत लिहिल्या. ड्रिल केंद्रापासून एक मिलिमीटरपेक्षा जास्त सरकले तर थांबायचे आणि हेड उतरवायचे. बोल्ट काढण्यासाठी मिळणारे कडक पोलादाचे उलट आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर वापरायचे नाहीत. उष्णतेने जखडलेल्या बोल्टमध्ये ते अनेकदा स्वतःच तुटतात आणि मग त्या तुकड्यावर साधे ड्रिल चालत नाही. या दोन ओळी आधी लिहून ठेवल्याचा दुसऱ्या दिवशी उपयोग झाला. अर्धे काम झाल्यावर, हातात ड्रिल असताना आणि मालक शेजारी उभे असताना, 'थोडे अजून' म्हणण्याचा मोह आवरणे फार कठीण असते.

मॅनिफोल्ड खोलताना

इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत काम सुरू केले नाही. सगळ्या बोल्टांवर रस्ट स्प्रे मारून रात्रभर ठेवले. बॅटरीच्या केबली काढल्या आणि इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा कनेक्टर सोडवला, कारण पुढे वेल्डिंग करायचे होते. टर्बोच्या तेलाच्या नळ्या काढून त्यांची तोंडे स्वच्छ कापडाने बंद केली. टर्बोच्या तेलमार्गात गेलेला एक काजळीचा खडा बोल्टपेक्षा कितीतरी महाग पडतो.

टर्बोपुढच्या पाइपचा क्लॅम्प सोडला, तेव्हा पाइप दोन सेंटिमीटरभर खाली आपटला. आवाज सर्वांनी ऐकला; पण पाइप असा का पडला, हा प्रश्न विचारला तो आमच्याकडे आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून नव्याने आलेल्या मुलाने. जुन्या हातांना पाइप पडताना पाहण्याची सवय झालेली असते.

खाली वाकून पाहिले, तेव्हा पनवेलच्या वेल्डिंगचा अर्थ लागला. टर्बोनंतरच्या पाइपात मुळात लवचीक जाळीदार बेलो असतो आणि पाइपाचा भार पेलण्यासाठी एक ब्रॅकेट असते. वेल्डरने फाटलेला बेलो काढून त्या जागी सरळ पाइपाचा तुकडा डकवला होता आणि ब्रॅकेटचा तुटलेला कान तसाच सोडून दिला होता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलते आणि सायलेन्सर चेसिसला बांधलेला असतो. या दोघांमधली सगळी ओढाताण आता टर्बोमार्गे मॅनिफोल्डवर येत होती. बेलो नसल्याने पाइपाला लांबीत वाढायलाही जागा नव्हती.

उरलेल्या दहा बोल्टांपैकी नऊ निघाले. प्रत्येक बोल्ट चतकोर फिरवायचा, परत थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा, अशा रीतीने अर्धा दिवस गेला. पहिल्या सिलिंडरचा वरचा बोल्ट मात्र तुटलाच. मॅनिफोल्ड बाहेर आल्यावर त्याचा बोटभर दांडा बाहेर राहिला होता, त्यामुळे तो नट वेल्ड करून पहिल्याच प्रयत्नात काढता आला. दोन्ही टोकांचे बोल्ट तुटावेत आणि मधले शाबूत राहावेत, हा योगायोग नव्हता. त्याकडे पुढे येतो.

तुटके तुकडे काढणे

सहाव्याचा वरचा बोल्ट हेडच्या तोंडाबरोबर सपाट तुटला होता. त्यावर वॉशर ठेवून सीओटू वेल्डिंगने वॉशर आणि तुकडा एकजीव केला, मग वर नट ठेवून तोही आतून भरला. ओतीव लोखंडाला वेल्डिंग चटकन चिकटत नाही, पोलादाच्या बोल्टला चिकटते. ही पद्धत याच फरकावर उभी आहे. पहिला नट फिरवताना तुटला, दुसराही तुटला. दोन्ही वेळा आम्ही नट लाल असतानाच पाना लावला होता. तिसऱ्या वेळी लाली जाऊन हात जवळ नेता येईल इतके थांबलो आणि नट एकाच दिशेने न ओढता पुढे-मागे डोलवत राहिलो. वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट आधी फुगतो आणि थंड होताना आकसतो. त्या आकसण्यात गंजाची पकड सुटते, म्हणून येथे धीर धरल्याचा फायदा होतो. तुकडा निघाला तेव्हा त्याच्या आट्यांतून तांबूस भुकटी झडत होती.

खालचा बोल्ट तोंडापासून तीन मिलिमीटर आत, तिरका तुटला होता. तेथे वेल्डिंगची तार नेली की ठिणगी भोकाच्या कडेला लागत होती. दोन प्रयत्नांनंतर थांबलो, कारण आट्यांवर वितळलेला धातू बसला असता तर पुढचे कामही अवघड झाले असते. आता ड्रिल करणे भाग होते आणि मुक्त हाताने ते केंद्रात जाणार नव्हते. शेजारच्या लेथवाल्यांकडून १२ मिलिमीटर जाडीची एक पट्टी करून घेतली. तिला शेजारच्या दोन भोकांवर बसेल अशी दोन छिद्रे पाडली आणि तुटक्या बोल्टच्या केंद्रावर बदलता येणारा पोलादी बुश ठेवला. पट्टी हेडला बोल्टने आवळली की ड्रिलला इकडेतिकडे जाण्यास जागाच उरत नव्हती. चांगल्या भोकात तार घालून खोली मोजली, ती २२ मिलिमीटर भरली. तेवढ्या अंतरावर ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळली.

प्रथम ५ मिलिमीटरचे, मग ६.५ चे, मग ८ चे ड्रिल, कमी वेगाने आणि तेल सोडत. एम १० च्या १.५ पिचच्या आट्यासाठी भोक ८.५ मिलिमीटरचे असते, म्हणून ८ वर थांबलो. उरलेले पातळ कवच बारीक छिन्नीने आत दुमडून सुईने उपटले. तरीही एका बाजूला ड्रिल अर्धा मिलिमीटर सरकलेच होते. बोल्टचा तिरका तुटलेला पृष्ठभाग त्याला ढकलत होता. आटे पाडणारा टॅप फिरवल्यावर त्या बाजूचे आटे अर्धवट कापलेले दिसले.

हा आणखी एक निर्णयाचा क्षण होता. ठरवलेली मर्यादा ओलांडलेली नव्हती आणि बोल्ट हाताने आत जातही होता. तेथे थांबलो असतो तर त्याच दिवशी जोडणी झाली असती. परंतु सर्वाधिक ताण येणाऱ्या बोल्टला सर्वांत अशक्त आटे देणे पटले नाही. पट्टीतला बुश बदलून भोक १०.४ मिलिमीटरचे केले, हेलिकॉइलचा (भोकात नवे आटे देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) खास टॅप मारला आणि दीडपट व्यासाच्या लांबीचे स्टेनलेस स्टीलचे हेलिकॉइल बसवले. तो टॅप कोल्हापूरहून मागवावा लागला आणि संध्याकाळ त्यातच गेली.

मॅनिफोल्डचे तोंड

मॅनिफोल्ड दुसऱ्या दिवशी दुपारीच इंजिनीअरिंग वर्क्समध्ये सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) ठेवले होते. सहाव्या तोंडाखाली ०.४५ मिलिमीटरची फीलर (फट मोजायची) पाती जात होती, पहिल्याखाली ०.२५ ची. अशा मॅनिफोल्डला आम्ही ०.२ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालवून घेतो. म्हणजे पहिल्या खेपेला आम्ही आवळलेला बोल्ट दोन तोंडे जुळवत नव्हता, वाकलेले ओतीव लोखंड सरळ करण्याची धडपड एकटा करीत होता. हेडचे तोंड मात्र ०.०५ च्या आत सपाट होते. सहाव्या पोर्टच्या (वायू बाहेर पडण्याच्या भोकाच्या) कडेला थोडे खवले पडले होते, ते पॅकिंगच्या आत झाकले जात होते.

त्याहून बोलकी गोष्ट मॅनिफोल्ड सरळ हेडवर धरून पाहिल्यावर दिसली. मधली भोके बरोबर जुळत होती आणि टोकाची भोके आतल्या बाजूला सरकलेली होती. मॅनिफोल्ड लांबीत आखूड झाले होते. याचे कारण साध्या हिशेबात सापडते. ओतीव लोखंड दर अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढते. सुमारे ८०० मिलिमीटर लांबीचे मॅनिफोल्ड सरासरी ४०० अंशांपर्यंत तापले तर ते तीन मिलिमीटरहून अधिक वाढू पाहते. हेड पाण्याने थंड राहत असल्याने अर्धा-पाऊण मिलिमीटरच वाढते. हा फरक मध्यापासून दोन्हीकडे वाटला जातो आणि टोकाच्या बोल्टांवर सर्वांत जास्त येतो. मॅनिफोल्डला सरकता आले तर काही बिघडत नाही. ते जखडलेले असेल तर तापलेला धातू स्वतःतच दबतो आणि थंड झाल्यावर मूळ लांबीपेक्षा आखूड होतो. मग तोच टोकाच्या बोल्टांना आत खेचू लागतो.

मूळचा लांब, स्पेसर असलेला बोल्ट यासाठीच असतो. लांब दांडा थोडा वाकतो, थोडा ताणला जातो आणि सरकणे सहन करतो. आम्ही बसवलेल्या आखूड बोल्टला वाकण्याइतकी लांबीच नव्हती. त्याने एकोणीस दिवस काढले, हेच अधिक.

आता प्रश्न मॅनिफोल्डचा होता. रॉकेल लावून, पुसून, वर खडूची पावडर फासून भेगा तपासल्या. ओल कोठेही फुटली नाही. नवे मूळ मॅनिफोल्ड पुण्याहून दोन दिवसांत आले असते, नक्कल त्याच दिवशी मिळत होती, आणि जुन्याचे तोंड ग्राइंडिंग करून सपाट करणे सर्वांत स्वस्त होते. नकलेचे ओतकाम हातात घेऊन पाहिले, पोर्टांच्या कडा इतक्या वेड्यावाकड्या होत्या की चर्चा तेथेच संपली. उरलेल्या दोनपैकी मालकांनी ग्राइंडिंग निवडले आणि आम्हीही त्याला संमती दिली. तोंड सपाट केल्यावर टोकाची चार भोके ११ वरून १२ मिलिमीटर केली, म्हणजे आखूड झालेले मॅनिफोल्ड बोल्टला न रेलता बसले आणि त्याला सरकण्यासही थोडी जागा मिळाली.

जोडणी आणि चाचणी

बाराही बोल्ट कंपनीचे, स्पेसरसह नवे घेतले. मालकांनी स्टेनलेसचे बोल्ट सुचवले होते, गंजत नाहीत म्हणून. नेहमीचे स्टेनलेस ओतीव लोखंडापेक्षा तापल्यावर बरेच जास्त वाढते, त्यामुळे ऐन घाटात पकड ढिली होण्याचा धोका असतो. शिवाय ते आट्यांत घासून जाम होते. त्यामुळे तो विचार सोडला. पोर्टनिहाय पोलादी पॅकिंग नवे टाकले, कोणतीही पेस्ट लावली नाही. आट्यांना निकेलयुक्त अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावले आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कपेक्षा (आवळण्याच्या बळापेक्षा) किंचित कमी आवळले, कारण तो आकडा कोरड्या आट्यांचा होता आणि वंगण असलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. आवळण्याची सुरुवात मधल्या दोन सिलिंडरांपासून केली आणि दोन फेऱ्यांत टोकांकडे गेलो.

नवा बेलो बसवला आणि ब्रॅकेटचा कान नव्याने करून घेतला. क्लॅम्प आवळण्यापूर्वी पाइप हाताने न धरता आपोआप टर्बोच्या तोंडासमोर उभा राहतो का, हे पाहिले. तो राहिला.

इंजिन सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरच्या टोकातून कॉम्प्रेसरची हवा हलक्या दाबाने सोडली आणि सगळ्या तोंडांवर साबणाचे पाणी टाकले. बुडबुडे आले नाहीत. गाडी तापवून, पूर्ण थंड करून, बोल्ट पुन्हा तपासले. तिसऱ्या दिवशी रात्री गाडी गेली.

परिणाम

पहिल्या फेरीनंतर चालकांचा फोन आला. बोरघाटात एक्झॉस्ट ब्रेक पूर्वीसारखा धरत होता आणि परतताना खंबाटकीच्या चढावर एक गिअर वरचा चालला होता. मॅनिफोल्डमधून सुटणारा वायू टर्बोच्या चाकापर्यंत पोहोचतच नसतो. गळती थांबली की बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) परत येतो, म्हणून हे अपेक्षितच होते. सुमारे १,५०० किलोमीटरनंतर गाडी तपासणीला आणायला लावली. तेव्हा टोकाचे दोन बोल्ट किंचित फिरले, बाकीचे जागच्या जागी होते. हेलिकॉइलचा बोल्ट हलला नव्हता. हंगामअखेर काजळी कोठेही नव्हती.

बिलात पहिल्या दुरुस्तीची रक्कम वजा केली. मालकांच्या दोन फेऱ्या बुडाल्या, त्याची भरपाई आम्ही देऊ शकलो नाही.

चौदा महिन्यांनी त्याच मॅनिफोल्डला पाचव्या आणि सहाव्या पोर्टच्या मध्ये भेग गेली. बोल्ट शाबूत होते. नवे मॅनिफोल्ड मागवले, बोल्ट साध्या पान्याने निघाले आणि काम एका दिवसात संपले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या खेपेला मालकांबरोबर चालकांनाही बोलवायला हवे होते. एक्झॉस्ट ब्रेक आणि पनवेलचे वेल्डिंग या दोन्ही गोष्टी त्यांना माहीत होत्या, फक्त कोणी विचारले नव्हते. पाइपाखाली टॉर्च मारून पाहायला पाच मिनिटे लागली असती. निदान एवढे झाले असते तर बोल्ट आखूड असूनही हेडमधले काम कदाचित वाचले असते, कारण तेव्हा एकच बोल्ट तुटला होता आणि तो सोपा तुटला होता.

सैल बोल्ट अंदाजाने आवळणे ही माझी स्वतःची चूक होती. फट मिटेपर्यंत आवळत गेलो आणि फट मिटली याचा अर्थ काम झाले, असे समजलो.

उद्या सकाळी नंबर असलेल्या गाडीला तीन दिवस थांबवणे कोणत्याही गॅरेजला जमत नाही, हेही खरे आहे. तेव्हा निदान तात्पुरते काम तात्पुरते म्हणून लिहून द्यायला हवे होते, आणि एका फेरीनंतर मॅनिफोल्ड खोलण्यासाठी गाडी परत आणण्याची तारीख ठरवायला हवी होती. आम्ही ते पूर्ण काम म्हणून दिले आणि मालकांनी ते तसेच घेतले.

ग्राइंडिंगच्या निर्णयाबाबत आमचे आणि मालकांचे आजही एकमत नाही. आखूड होईपर्यंत दबलेला धातू आतून थकलेला असतो आणि रॉकेल-खडूची परीक्षा तोंडापर्यंत आलेली भेगच दाखवते, म्हणून तेव्हाच नवे मॅनिफोल्ड घ्यायला लावायला हवे होते, असे माझे मत आहे. मालक म्हणतात की हंगामाच्या मध्यावर दोन दिवस वाचले, जुन्याने चौदा महिने काढले आणि नवे शेवटी गाडी रिकामी उभी असताना बसले. त्यांच्या वहीतला हिशेब त्यांच्या बाजूने आहे.